पॉलिहाउस आणि हायड्रोपोनिक्सचं साहित्य निवडताना: कागदापासून कोकोपीटपर्यंत

जमिनीत पीक घेताना आपल्या बऱ्याच चुका माती सांभाळून घेते. खत थोडं जास्त पडलं तर ती ते धरून ठेवते. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी याचा आकडा) वरखाली झाला तरी मुळांशी पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. जुन्या लोखंडी पाइपातून गंज उतरला तरी पिकाला त्याचा पत्ता लागत नाही. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना खतपाण्यावर घेतलेल्या पिकात, माती काढून टाकली की हा सांभाळणारा थरच जातो. पाणी ज्या टाकीत साठतं, ज्या पाइपातून वाहतं, ज्या पिशवीतला भुसा भिजवतं, त्या प्रत्येक वस्तूचा अंश थेट मुळांपर्यंत जातो. त्यामुळे जमीन घेताना आपण जितकी चौकशी करतो, तितकीच इथे साहित्याची करायला हवी. प्रत्यक्षात बहुतेकांची नजर कोटेशनच्या शेवटच्या आकड्यावर असते.

दोन प्रश्न धरून चाललं तर निवड बरीच सोपी होते. जे साहित्य वर आणि बाहेर आहे ते ऊन-वारा किती वर्षं सोसेल, हा एक. आणि जे साहित्य पाण्याला लागतं ते पाण्यात काय सोडेल आणि पाण्यातून काय ओढून घेईल, हा दुसरा.

सांगाडा: जस्त किती आणि पाय किती खोल

आपल्याकडे दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस म्हणजे बहुतेक वेळा १,००८ चौरस मीटरचं. सांगाडा जीआय पाइपचा. जीआय म्हणजे जस्ताचा थर चढवलेलं लोखंड. जस्त स्वतः आधी झिजतं आणि ओरखडा पडलेल्या जागीही लोखंडाला वाचवतं, म्हणून हा थर किती जाड आहे यावर सांगाड्याचं आयुष्य ठरतं. तयार पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून काढला तर थर जाड बसतो आणि आतल्या बाजूनेही बसतो. याला हॉट डिप म्हणतात. आधीच जस्त चढवलेला पत्रा वळवून पाइप केला तर थर पातळ असतो, आणि जिथे पत्र्याच्या दोन कडा वेल्डिंगने जोडतात तिथे तो जळून गेलेला असतो. दोन्ही पाइप नवे असताना सारखेच चकाकतात. दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, हे कोटेशनमध्ये लिहून मागा.

उभारणीच्या वेळी साइटवर वेल्डिंग करू देऊ नका. जोड नट-बोल्ट आणि क्लॅम्पचेच हवेत, आणि नट-बोल्टही जस्त चढवलेले. पाइप कापलाच तर कापलेल्या तोंडाला जस्त असलेला रंग लावायचा. गंज सगळ्यात आधी धरतो तो जमिनीलगत, कारण तिथे ओल असते आणि खताच्या पाण्याचे शिंतोडे उडतात. पायाचं काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला की पाणी पाइपाशी साचत नाही.

पाया किती खोल, हा प्रश्न वजन पेलण्याचा वाटतो. खरं तर पॉलिहाउसचं वजन फारसं नसतं. वादळात ते दबून पडण्यापेक्षा उचललं जाण्याची भीती जास्त असते. वारा एका बाजूने आत शिरतो, छपराखाली फुगतो, वरून वाहणारा वारा छपराला ओढतो आणि पाय उपटले जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट ओलांडून मावळ, जुन्नरपर्यंतच्या पॉलिहाउसचं मोठं नुकसान करून गेलं. किनाऱ्यापासून इतक्या आत आपल्याला वादळाचं काय भय, असा समज तेव्हापर्यंत अनेकांचा होता. म्हणून पायाच्या पाइपाला काँक्रीटमध्ये आडवा गज घातला आहे का, हे काँक्रीट ओतण्याआधी स्वतः उभं राहून बघावं. तो गज नसेल तर गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून सरळ निसटून येतो.

कोकणात, गोव्यात बांबूचा सांगाडा स्वस्तात उभा राहतो आणि भाजीपाल्याला तो वाईट नाही. जमिनीतला भाग लवकर कुजतो, तेवढं गृहीत धरून हिशेब करावा.

कागद: सगळ्यात जास्त फसवणूक इथेच

शेतकरी ज्याला कागद किंवा पेपर म्हणतात ती असते पॉलिथीनची फिल्म, साधारणपणे २०० मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तीन किंवा पाच थरांची. हिच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५८२७. कागदाच्या रोलवर आणि बिलावर तो क्रमांक असायला हवा.

जाडी तपासायला यंत्र लागत नाही. पॉलिथीनची घनता पाण्याहून थोडी कमी, साधारण ०.९२. म्हणजे २०० मायक्रॉनचा एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा १८४ ग्रॅमच्या आसपास भरतो. रोलच्या कडेचा तुकडा नीट मापून कापा आणि सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. काटा १५० ग्रॅमवर थांबला तर तुमच्या हातात १६० मायक्रॉनचा कागद आहे, लेबल काहीही सांगो. कागद किलोवर विकत घेत असाल तर पातळ कागदात नुकसान नाही असं वाटेल, पण आयुष्य कमी होतं ते होतंच.

आता आयुष्याचं. सूर्याची अतिनील किरणं पॉलिथीनच्या लांब साखळ्या तोडतात. कागद कडक होतो, पिवळसर पडतो आणि एखाद्या दिवशी वाऱ्याने चिरतो. हे लांबवायला कागद तयार करतानाच त्यात यूव्ही स्टॅबिलायझर घालतात. चांगला कागद आपल्या उन्हात साधारण तीन वर्षं टिकतो ते त्याच्या जोरावर. हल्ली सर्रास वापरला जाणारा स्टॅबिलायझर अमाइन जातीचा, म्हणजे स्वभावाने अल्कधर्मी आहे. गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये भुरी या बुरशीजन्य रोगासाठी रात्री गंधक तापवून त्याची वाफ सोडतात. ते गंधक कागदाच्या आतल्या बाजूला बसतं, ऊन आणि ओल मिळाल्यावर त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल स्टॅबिलायझरला निकामी करतं. क्लोरीन असलेल्या औषधांचाही असाच परिणाम होतो. मग तीन वर्षांचा कागद दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटतो, शेतकरी कंपनीला बोल लावतो आणि कंपनी वॉरंटीतली बारीक अक्षरं दाखवते. त्यामुळे गुलाब, जरबेरा किंवा काकडी घेणार असाल, गंधक वापरणार असाल, तर ते आधी सांगून अँटी-सल्फर कागद मागा आणि गंधक वापरल्यावरही वॉरंटी लागू राहते का, हे बिलावर लिहून घ्या. मला विचाराल तर कागदाच्या रंगापेक्षा आणि ब्रँडपेक्षा ही एक ओळ मोलाची आहे.

कागद आधी कुठे फाटतो तेही बघण्यासारखं आहे. मधोमध तो क्वचितच जातो. जिथे पाइपाला टेकतो तिथे जातो, कारण एप्रिल-मेमध्ये पाइप हात लावू देत नाही इतका तापतो आणि उष्णतेने तिथलं पॉलिथीन झपाट्याने म्हातारं होतं. पाइपाची वरची बाजू, जी कागदाला लागते, ती पांढऱ्या रंगाने रंगवली किंवा तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवली तर पाइप कमी तापतो. खर्च किरकोळ आहे. दुसरी जागा म्हणजे अॅल्युमिनियमची प्रोफाइल, जिच्या खाचेत कागद घालून वरून नागमोडी स्प्रिंग दाबतात. स्प्रिंगवर प्लॅस्टिकचं आवरण नसेल, तिचं टोक उघडं असेल, किंवा प्रोफाइलची कड धारदार राहिली असेल तर कागदाला तिथेच बारीक चीर पडते आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ती हातभर होते. गंजलेला पाइप कागदाला लागणंही वाईट, लोखंडाचा गंज पॉलिथीनचं विघटन वाढवतो.

बसवण्याची वेळसुद्धा आयुष्य ठरवते. भर उन्हात ताणून बसवलेला कागद रात्री आकसून स्प्रिंगपाशी ताणला जातो. पहाटेच्या गारव्यात बसवलेला दुपारी सैल पडून फडफडतो, आणि फडफड कागदाला हळूहळू मारते. वारा नसलेली, ऊन मध्यम असलेली वेळ बघावी.

या कागदाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू असतात. आतल्या बाजूच्या थरात अँटी-ड्रिप द्रव्य असतं. त्यामुळे पहाटे साचणारं दव थेंबाथेंबाने पिकावर न टपकता पातळ थर होऊन कडेला ओघळतं. थेंब पडत राहिले तर फुलांवर करडी बुरशी येते, आणि कागदावर लटकलेले थेंब सकाळचा बराच प्रकाश परत फिरवतात. कागद उलटा बसवला तर हे द्रव्य बाहेर जातं आणि पावसात धुऊन निघतं. कुठली बाजू आत, हे रोलवर लिहिलेलं असतं. घाईत उभारणी करणारे मजूर ते वाचतीलच असं नाही. शिवाय अँटी-ड्रिपचा गुण कागदाच्या आधीच संपतो, ते द्रव्य हळूहळू धुऊन जात असतं.

डिफ्यूज कागद प्रकाश पसरवतो, त्यामुळे सावल्या बोथट होतात, शेंड्याची पानं भाजत नाहीत आणि खालच्या पानांनाही उजेड पोचतो. आपल्या प्रखर उन्हात तोच घ्यावा. अतिनील किरणं अडवणारा कागद थोडा विचार करून घ्यावा. पांढरी माशी आणि फुलकिडे त्या किरणांच्या आधारे वाट शोधतात, म्हणून अशा कागदाखाली त्यांचा उपद्रव कमी होतो. लाल गुलाबाच्या पाकळ्या काळवंडणंही कमी होतं. पण वांग्यासारख्या पिकाला जांभळा रंग चढायला हीच किरणं हवीत, आणि परागीभवनासाठी मधमाश्या सोडणार असाल तर त्यांनाही वाट शोधायला ती लागतात.

काच आणि पॉलिकार्बोनेट यांचं थोडक्यात. हॉलंडच्या वेस्टलांडमध्ये काचेखालची शेती दिसते, ती तिथे योग्यच आहे. हिवाळ्यात प्रकाशाचा प्रत्येक कण हवा आणि ऊब आत धरून ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. आपला प्रश्न नेमका उलटा, उष्णता बाहेर कशी काढायची हा. पॉलिकार्बोनेटचे पोकळ पत्रे रोपवाटिकेला किंवा प्रयोगशाळेच्या ग्रीनहाउसला ठीक आहेत. त्यांच्या एकाच बाजूला यूव्ही संरक्षण असतं, ती बाजू आकाशाकडे यायला हवी. फुलं-भाज्यांसाठी त्यात पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे.

जाळ्या

कीटकरोधक जाळी निवडताना ओढाताण असते. ४० मेश म्हणजे इंचाला ४० भोकं. धाग्याची जाडी वजा जाता प्रत्येक भोक साधारण ०.४ मिलिमीटरचं राहतं. फुलपाखरं, पतंग त्यातून येत नाहीत. पांढऱ्या माशीला रोखायला ५० मेश बरी. फुलकिडा जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंद, त्याला खरोखर अडवायचं तर आणखी बारीक जाळी लागेल आणि मग वाराच येणार नाही. नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाउसमध्ये मार्च ते मे वारा अडला तर ढोबळी मिरचीची फुलं गळतात, ते नुकसान फुलकिड्यांपेक्षा कमी नसतं. यावर एकच रास्त तोडगा आहे: जाळी जितकी बारीक, तितकी झडपांची जागा वाढवायची. तसं करता येत नसेल तर ४० मेश लावून दाराला दुहेरी कक्ष करावा आणि चिकट सापळे लावावेत. धुळीने भरलेली ४० मेश जाळी ६० मेशसारखी वागते, म्हणून उन्हाळ्यात ती पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी.

शेडनेट ५० टक्के म्हणजे निम्मा उजेड गेला. मे महिन्यात हे चालतं, पण तीच जाळी जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत आणि डिसेंबरच्या कलत्या उन्हात पिकाला उपाशी ठेवते. कायमची बांधलेली जाळी घेण्यापेक्षा दोरीने सरकवता येणारी घ्यावी. हिरवी जाळी दिसायला छान, पण तिच्यातून गाळून येतो तो हिरवा प्रकाश पिकाच्या तुलनेने कमी कामाचा. पांढरी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी विणलेली जाळी ऊन परत फेकते आणि आतली उष्णताही कमी ठेवते.

पाण्याला लागणारी धातू

आता दुसरा प्रश्न. हायड्रोपोनिक्सच्या खतपाण्याचा सामू ५.५ ते ६.५ ठेवतात, म्हणजे ते किंचित आंबट असतं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. ताकाच्या आम्लाने तांबं आणि जस्त विरघळून उतरतं. पॉलिहाउसमध्ये खतपाणी जीआय पाइपातून, पितळी व्हॉल्व्हमधून, तांब्याचे भाग असलेल्या पंपातून फिरवलं की हेच घडतं, फक्त महिनोन्महिने, दिवसरात्र.

पिकाला जस्त आणि तांबं लागतं, पण किती? तांबं लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास, जस्त त्याच्या काही पट. इतक्या कमी मात्रेत थोडीशी भर पडली तरी प्रमाण कितीतरी पट होतं, आणि पाणी पुन्हा पुन्हा फिरवत असाल तर ते साठत जातं. जमिनीत हे चिकणमातीने आणि सेंद्रिय अंशाने बांधून ठेवलं असतं. लक्षणं फसवी असतात. जस्त जास्त झालं की झाडाला लोह घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. ही तंतोतंत लोहाच्या कमतरतेची खूण, म्हणून शेतकरी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, वाढवत राहतो आणि मूळ कारण पाइपातच राहतं.

खतपाण्याच्या वाटेवर प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील, एवढाच नियम ठेवावा. पंपाचा पंखा आणि शाफ्ट कशाचे आहेत हे विचारावं. छपराच्या जीआय पन्हळीतून पावसाचं पाणी शेततळ्यात साठवत असाल तर त्यातही जस्त उतरतं. पाऊस स्वतः किंचित आम्लधर्मी असतो, आणि पहाटेचं दव तर पन्हळीवर तासन्‌तास बसलेलं असतं. असं पाणी वापरण्याआधी त्यातलं जस्त एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं आणि तेवढं खताच्या हिशेबातून वजा करावं.

कुठलं प्लॅस्टिक?

सगळी प्लॅस्टिकं सारखी नसतात. एचडीपीई, एलएलडीपीई (हे दोन्ही पॉलिथीनचेच प्रकार) आणि पॉलिप्रॉपिलिन यांना लवचिक करायला वेगळं तेलकट द्रव्य घालावं लागत नाही, त्यामुळे ती पाण्यात फारसं काही सोडत नाहीत. ड्रिपच्या नळ्या, शेततळ्याचं अस्तर, चांगल्या टाक्या याच कुळातल्या. डब्याच्या तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा असेल तर तो यापैकी एक.

पीव्हीसीचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवावेत. कडक पाइप, म्हणजे यूपीव्हीसी, जगभर हायड्रोपोनिक्सला वापरतात आणि ते ठीक आहे. पूर्वी त्यात स्टॅबिलायझर म्हणून शिशाची संयुगं घालत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसी पाइपांतल्या शिशावर बंधनं आणणारे नियम काढले. म्हणून जुना, भंगारातून आणलेला पाइप पालेभाजीसाठी वापरू नये, आणि नवा घेताना शिसेमुक्त आहे का ते छापील पाहून घ्यावा. उन्हात उघडा राहिला तर तो ठिसूळ होतो, बाहेरून पांढरा रंग दिला तर टिकतो आणि आतलं पाणीही कमी तापतं. नव्या जोडांना लावलेलं सॉल्व्हंट पूर्ण सुकू द्यावं आणि रोपं लावण्याआधी साधं पाणी फिरवून ते फेकून द्यावं.

मऊ पीव्हीसी मात्र वेगळं प्रकरण. पारदर्शक लवचिक नळ्या, मऊ पट्ट्या, काही ताडपत्र्या यांत थॅलेट जातीची प्लॅस्टिसायझर, म्हणजे लवचिक करणारी तेलकट द्रव्यं, असतात आणि ती बंदिस्त उबदार हवेत वाफ होऊन बाहेर पडतात. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी कोबीची रोपं का मरतात याचा छडा लावला, तेव्हा दोषी निघाली ती काही विशिष्ट प्लॅस्टिकमधून सुटणारी डायब्युटिल थॅलेटची वाफ. रोपांची कोवळी पानं फिकट, पांढरट होत आणि मग रोप जाई. पाण्याशी संबंध नाही, मुळांशी नाही, केवळ हवेतून. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी या वर्गातली रोपं याला फार नाजूक असतात. सगळ्याच मऊ पीव्हीसीत हे विशिष्ट द्रव्य असतं असं नाही, पण दुकानात ते ओळखता येत नाही. रोपवाटिकेत नवं मऊ प्लॅस्टिक आणलं आणि त्याला उग्र वास येत असेल तर ते आधी बाहेर उन्हात काही दिवस पडू द्यावं. शक्य असेल तर मुळातच टाळावं.

रासायनिक कारखान्यातून येणारे वापरलेले निळे ड्रम स्वस्त मिळतात. आत काय होतं हे खात्रीने सांगणारा कोणी नसेल तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. एचडीपीई कितीही चांगलं असलं तरी त्यात मुरलेलं रसायन महिनोन्महिने पाझरत राहतं.

मुळांचा आधार: कोकोपीट आणि बाकीचे

महाराष्ट्रात आज ढोबळी मिरची, टोमॅटो, जरबेरा मातीविना घ्यायचा तर पहिला पर्याय कोकोपीटच. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. तमिळनाडूतल्या पोल्लाची भागातून, केरळातून आणि थोडाबहुत आपल्या सिंधुदुर्गातून तो येतो. पाच किलोची वीट भिजली की ७० लिटरच्या आसपास फुगते. पाणी धरतो, हवाही धरतो, वजनाला हलका.

त्याचा दोष त्याच्या जन्मातच आहे. नारळ समुद्रकाठचं झाड, सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड भरपूर. काथ्यासाठी सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलं असेल तर आणखी. म्हणून कोकोपीट धुतात, आणि बहुतेकांचं काम इथे थांबतं: ईसी मीटर (विजेच्या वहनावरून पाण्यातले क्षार मोजणारा) बुडवला, आकडा खाली आला, झालं.

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं. कोकोपीटच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यावर पोटॅशियम, सोडियम चिकटून बसलेले असतात. साध्या पाण्याने मोकळे क्षार धुऊन जातात, चिकटलेले जात नाहीत. ईसी मीटर फक्त पाण्यात विरघळलेलं मोजतो, चिकटलेलं त्याला दिसत नाही. पुढे तुम्ही खतपाणी सोडलं की त्यातलं कॅल्शियम कोकोपीट ओढून घेतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम, पोटॅशियम सोडतं. तुम्ही कॅल्शियम दिलेलं असतं, झाडाला मिळत नाही. लेट्यूसच्या पानांच्या कडा जळतात, टोमॅटो आणि ढोबळीच्या फळाचा बूड काळा पडतो.

उपाय सोपा आहे. साध्या पाण्याने धुऊन झाल्यावर कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण, लिटरला २ ग्रॅमच्या आसपास, कोकोपीट पूर्ण भिजेपर्यंत भरायचं. एक दिवस तसंच ठेवायचं. मग ते पाणी काढून टाकायचं आणि ताजं द्रावण घालून पुन्हा एकदा. शेवटी साध्या पाण्याने निथळून घ्यायचं. पहिल्या वेळी निघणारं पाणी चहासारखं गडद असतं, पुढे फिकं होत जातं. रंग मात्र खूण मानू नये, तो निराळ्या द्रव्यांचा असतो. बफर केलेलं, म्हणजे अशी कॅल्शियमची प्रक्रिया आधीच केलेलं, तयार कोकोपीट घेत असाल तर पुरवठादाराकडून प्रयोगशाळेचा अहवाल मागा, ज्यात विरघळलेल्या क्षारांशिवाय कणांना चिकटलेलं सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम वेगळं दिलेलं असेल. जो देत नाही त्याच्या मालावर स्वतः हे सगळं करायचं.

भुसा नुसता बारीक असेल तर पावसाळ्यात मुळं गुदमरतात. थोडे सोडणाचे तुकडे मिसळलेला घ्यावा.

रॉकवूल म्हणजे बेसाल्ट दगड साधारण १,५०० अंशांच्या वर वितळवून त्याचे धागे काढून केलेली गादी. सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. डेन्मार्कमध्ये १९६९ च्या सुमारास ती शेतीत आली. एकजिनसी, स्वच्छ, अचूक. पण ती पाण्यातलं काही धरून ठेवत नाही, म्हणजे खताची चूक लगेच झाडावर दिसते. वापरण्याआधी ती ५.५ सामूच्या पाण्यात भिजवावी लागते, कारण नवी असताना ती अल्कधर्मी असते. परलाइट म्हणजे उष्णतेने लाह्यांगत फुललेली ज्वालामुखी काच. रोपवाटिकेत कोकोपीटला मोकळं करायला छान. ओतताना धूळ उडते, ती आधी ओली करून घ्यावी. भाजलेल्या मातीचे गोळे गच्चीवरच्या छोट्या मांडणीला सोयीचे, धुऊन पुन्हा वापरता येतात.

आणि खडी-वाळू. कोणी याला जुनाट समजू नये. १९४०च्या दशकात दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगमध्ये संशोधक शोल्टो डग्लस यांनी साध्या खडी-वाळूवर मातीविना शेतीची जी पद्धत बसवली, तिचा सगळा भर गरीब शेतकऱ्याला परवडेल आणि जागेवर मिळेल अशा साहित्यावर होता. अडचण एकच, चुनखडी. आपल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ओढ्याच्या वाळूत चुनखडीचे खडे हमखास असतात, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा. चुना सामू चढवतो, आणि सामू चढला की लोह आणि स्फुरद साक्यासारखे खाली बसतात. मूठभर खडी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. चरचर ऐकू आली, बुडबुडे दिसले तर ती खडी बांधकामाला द्या. बुडबुडे नाही आले तरी आणखी एक पारख करावी: ५.८ सामूच्या खतपाण्यात ती एक दिवस बुडवून ठेवायची आणि पुन्हा सामू मोजायचा. तो सातकडे सरकला असेल तर चुना आहेच, फक्त कमी आहे.

टाकी, ऊन आणि वीज

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. मुळांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते, आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियम बुरशीला हीच ऊब मानवते. म्हणून उन्हात उभी केलेली काळी टाकी हा सगळ्यात वाईट पर्याय. टाकी जमिनीत असावी. विटा-सिमेंटची नवी टाकी चुना सोडून सामू चढवते, तिला आतून एचडीपीईचं अस्तर द्यावं. झाकण असं हवं की आत अंधार राहील, उजेड मिळाला की शेवाळ धरतं.

यावरून पद्धतही ठरते. पाइपातून पाण्याची पातळ धार फिरवण्याची एनएफटी पद्धत संशोधक अॅलन कूपर यांनी इंग्लंडमधल्या लिटलहॅम्प्टनला विकसित केली, तिथल्या गार हवेत. नागपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत ती पातळ धार मुळांना भाजते. आणि दुपारी वीज गेली, पंप थांबला, तर पाइपातली मुळं तासा-दोन तासांत सुकायला लागतात. कोकोपीटची पिशवी तेवढ्या वेळात पिकाला जाणवूही देत नाही. ज्या गावात भारनियमन आहे आणि जनरेटर नाही, तिथे पाइपांची सुंदर मांडणी कितीही मोहात पाडो, कोकोपीट आणि ड्रिपच घ्यावं. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडाव्यात किंवा पुण्यातल्या सावलीच्या गच्चीवर लेट्यूससाठी एनएफटी चालेल.

वापर संपल्यावर

विकत घेतानाच हे विचारून ठेवावं. जुना कागद झाडून, धुऊन, कोरडा करून गुंडाळला तर भंगारवाला किलोवर नेतो. चिंध्या होईपर्यंत छपरावर ठेवला तर त्याचे तुकडे रानभर उडतात आणि जनावरांच्या पोटात जातात, म्हणून तो फाटायच्या आधी उतरवावा. दोन-तीन वर्षांनी बसलेलं, भुगा झालेलं कोकोपीट साध्या पाण्याने क्षार धुऊन फळबागेच्या आळ्यात घालता येतं, फक्त मुळकुज लागलेल्या पिकाचं असेल तर आधी उन्हात तापवावं. रॉकवूल कुजत नाही, जळत नाही. गादी बदलल्यावर ती कुठे न्यायची हे विकणाऱ्याने सांगितलं नाही तर ती बांधावरच पडून राहते.